दुसरी प्रत

काळ्या खिडकीत शेवटची ओळ उमटली, तिच्याखाली कर्सर लुकलुकायला लागला आणि धाकटीने श्वास सोडला. बाळाचे फोटो लहान करून झाले होते. आता ते वहिनीच्या मोबाइलवर पाठवायचे आणि मग मागच्या खोलीचं दार लावून हवं तेवढं रडायचं, असं तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

धाकटी म्हणजे स्टुडिओवाल्याची धाकटी बहीण. गिऱ्हाइकंसुद्धा तिला धाकटीच म्हणत, आणि तिच्या केसांत पांढरे डोकावायला लागले तरी त्यात बदल झाला नव्हता. पुढच्या खोलीत दादा फोटो काढायचा, मागच्या खोलीत ही ते सुधारायची. कुणाची पुटकुळी काढ, कुणाचं पोट आत घे. घोळक्याच्या फोटोत एखाद्याने नेमक्या क्षणी डोळे मिटलेले असतात, त्याला दुसऱ्या फोटोतले त्याचेच उघडे डोळे आणून बसव. यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

कॉम्प्युटर मात्र इतका जुना की फोटो सुधारायचा प्रोग्रॅम आपल्या साऱ्या खिडक्या-पट्ट्यांसकट उघडायचा म्हटला की त्याला धाप लागे. म्हणून ढीगभर फोटोंचं काम असलं की धाकटी तो प्रोग्रॅम त्या पसाऱ्याशिवायच सुरू करी. काळ्या खिडकीत नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. प्रोग्रॅम आतल्या आत चित्रं उघडतो, कापतो, लहान करतो, ठेवून देतो. डोळ्यांना दिसत काही नाही. नेहमीच्या आज्ञा तिने एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या होत्या, त्या फाइलला ती स्क्रिप्ट म्हणायची. एक नाव टाइप केलं की सगळा फोल्डर एकदम निघायचा. दादाला या प्रकाराची गंमत वाटे. “चित्रांचं दुकान, आणि हिच्या पडद्यावर चित्र सोडून सगळं,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. हे अर्थात आधीचं. आता त्याला कशाचीच गंमत वाटत नसे.

पाठवण्याआधी एक फोटो बघावा म्हणून तिने पहिला उघडला. पडद्याच्या मधोमध नखाएवढा एक गुलाबी डाग दिसला.

तिने तो मोठा केला. डागाचे चौकोन झाले. दुसरा उघडला, तिसरा उघडला, मग मधलाच कुठलातरी. सगळे नखाएवढे. किती लहान करायचं तो आकडा स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत असे, आणि मागच्या आठवड्यात एका अल्बमच्या अनुक्रमणिकेसाठी तिने तिथे अगदी बारका आकडा घातला होता. तो बदलायचा राहून गेला. हातून एवढीच चूक झाली असती तर ती स्वतःला चार शिव्या हासडून पुन्हा कामाला लागली असती. पण स्क्रिप्ट लहान केलेला फोटो मूळ फोटोच्याच नावाने, त्याच जागी, त्याच्या छाताडावर ठेवत असे.

त्यालाही कारण होतं. स्टुडिओत एक नियम होता, दादानेच घालून दिलेला. कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे फोटो धाकटीने कॉम्प्युटरवर उतरवायचे, ती पहिली प्रत. मग दादाने स्वतःच्या हाताने बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत करायची आणि मोठ्याने “झाली” म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही आणि स्क्रिप्ट चालवायची नाही. एकाच माणसाने दोन्ही प्रती केल्या तर तो एकच घोळ दोनदा घालतो, असं त्याचं म्हणणं. नियम चोख होता. आजवर कुणाचाही एक फोटो गेलेला नव्हता.

धाकटीने बाहेरची डिस्क जोडली. त्यावर सगळ्या दुनियेची लग्नं होती, वाढदिवस होते, गिरणीच्या कामगारांचे निरोपसमारंभ होते. बाळाचा फोल्डर नव्हता. तिने नावावरून शोधला, तारखेवरून शोधला, मग वेड्यासारखं एकेक फोल्डर उघडून पाहिलं.

काल तिने विचारलं होतं. दादा दारात उभा राहून बूट घालत होता. “दादा, बाळाच्या फोटोंची दुसरी प्रत?”

“झाली,” तो म्हणाला होता.

बाळ गेल्यापासून त्याच्याकडे एवढं एकच उत्तर होतं. जेवलास का? झालं. आंघोळ? झाली. वहिनीशी बोललास? झालं. ज्या माणसाचं ताट तिने रोज भरलेलंच उचललं, त्याच्या या एका “झाली”वर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला. नियमाची इतकी सवय झाली होती की नियम पाळणारा माणूस जागेवर आहे का, हे बघायचं तिला सुचलं नाही.

तिने त्याला फोन लावला. तो एका शाळेच्या क्रीडास्पर्धांचे फोटो काढत होता. मागे शिट्ट्या आणि आरडाओरडा.

“दादा, कालचं कार्ड कुठाय?”

“कॅमेऱ्यात. का?”

“पुसलंस?”

“पुसून भरलंसुद्धा. सकाळपासून धावतायत पोरं.” मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. “काय झालं?”

“दुसरी प्रत सापडत नाहीये.”

शिट्ट्या वाजत राहिल्या. तो कुठेतरी आडोशाला गेला असावा, कारण आवाज मंदावला. “केली नाही मी,” तो म्हणाला. “फोल्डरवर बोट ठेवलं होतं. उघडवेना. पण तुझ्याकडे पहिली आहे ना?”

धाकटीने फोन ठेवून दिला. पहिली प्रत तिने स्वतःच्या हाताने मारली होती आणि हे सांगायला तिच्या तोंडात जीभ नव्हती.

वहिनी माहेरी होती. बाळंतपणात तिच्या जिवावरच बेतलं. ती एका वॉर्डात तापाने फणफणलेली, बाळ दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत. मोबाइल आत न्यायला बंदी होती. एका भल्या नर्सने दादाला छोटा कॅमेरा तेवढा नेऊ दिला. वहिनीला बाळ नीट भेटलं ते शेवटी, तिच्या मांडीवर आणून दिलं तेव्हा, आणि तेव्हा ते बाळ राहिलेलं नव्हतं. त्यानंतर ती त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. आणि काल तिने आपण होऊन फोन केला.

“तुझा दादा मला हॉस्पिटलात म्हणाला होता, एका फोटोत त्याचे डोळे उघडे आहेत,” वहिनी म्हणाली होती. “मी डोळे पाहिले नाहीत गं. तो फोटो मला पाठव. सगळे पाठव, पण तो नक्की पाठव.”

धाकटीने केवढ्या खात्रीने “उद्या पाठवते” म्हटलं होतं.

पुढच्या खोलीची घंटा वाजली. एक निवृत्त गृहस्थ पासपोर्टचा फोटो काढायला आले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात कंगवा. “आज बंद आहे,” तिने आतूनच सांगितलं. “हरकत नाही, मला घाई नाही,” असं म्हणून ते स्टुलावर बसले आणि आरशात बघून भांग पाडायला लागले. अशा माणसाचं काय करायचं हे तिला एरवीही समजत नसे.

ती काळी खिडकी बंद करायला वळली. बोट कळीवर होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा अजून जोरात घरघरतोय. काम संपलं होतं, मग हा कशासाठी कण्हतोय?

कारण त्याच्या पोटात काहीतरी होतं. तिची स्क्रिप्ट मूळ चित्र उघडायची, त्याची नक्कल करायची, नक्कल लहान करून ठेवून द्यायची. मूळ चित्र मेमरीतून काढून टाकायची ओळ तिने कधी लिहिलीच नव्हती. “नंतर लिहू” म्हणता म्हणता वर्षं गेली. त्यामुळे मोठ्या कामानंतर कॉम्प्युटर ठप्प व्हायचा आणि दादा कुरकुरायचा, “तुझा प्रोग्रॅम नुसता गिळतो, ढेकर काही देत नाही.” म्हणजे जोवर ही खिडकी उघडी होती तोवर बाळाचे फोटो, पूर्ण आकाराचे, आत होते. जगात फक्त तिथेच होते.

तिने बोट कळीवरून इतकं हळू उचललं की जणू तिथे कुणी झोपलं होतं.

तिने प्रोग्रॅमला विचारलं, आत किती चित्रं उघडी आहेत. आकड्यांची लांबलचक रांग आली, शेवटी उघडलेलं सगळ्यात आधी. पहिला आकडा घेऊन ते चित्र नव्या नावाने ठेवायची आज्ञा टाइप केली, दोनदा वाचली आणि दिली. उत्तर आलं, जागा नाही.

डिस्क भरली होती. भरणारच. जे मेमरीत मावत नव्हतं ते प्रोग्रॅम डिस्कवर सांडत होता. बाहेरची डिस्कही लोकांच्या लग्नांनी काठोकाठ भरलेली. तिने टेबलाचा खण उपसला, कात्र्या, सुटे सेल, तुटलेल्या फ्रेमचे कोपरे, आणि तळाशी पेन ड्राइव्ह. तो तिने फुंकर मारून कॉम्प्युटरला लावला.

पहिला फोटो पेन ड्राइव्हवर उतरला. उतरायला लागलेल्या वेळात तिला आणखी एक गोष्ट आठवली. प्रोग्रॅमची एक सेटिंगची फाइल होती, साधी, हाताने लिहायची. किती मेमरी वापरायची ते त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात, काम झपाझप व्हावं म्हणून, तिने त्या ओळीत या कॉम्प्युटरकडे आहे त्याहून जास्त मेमरी लिहून ठेवली होती. मोठ्या शहाणपणाने. आता प्रोग्रॅम अंथरुणाबाहेर पाय पसरत चालला होता, आणि फारच पसरले की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यात खादाड प्रोग्रॅमला तिथल्या तिथे ठार करतं, न विचारता. ती ओळ आता बदलून उपयोग नव्हता. सेटिंग प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचलं जातं. बंद करून पुन्हा सुरू करणं म्हणजे सगळं जाणं.

दुसरा उतरवला. माउसचा बाण जागीच थिजला. तिसरा. टाइप केलेली अक्षरं पडद्यावर यायला वेळ लागायला लागला. ती आंधळ्यासारखी टाइप करून वाट बघायची. सगळे वाचणार नाहीत हे तिला कळून चुकलं. मग तो एक तरी. पण आकड्यांना चेहरे नव्हते, आणि नखाएवढ्या डागांत डोळे कुठले ओळखायचे? त्या आकड्यांतला नेमका कुठला, हे एकाच माणसाला माहीत होतं. तिने मन घट्ट केलं आणि पुन्हा फोन लावला. काय झालं ते एका दमात सांगून टाकलं.

“दादा, नंतर काय हवं ते बोल. डोळे उघडे आहेत तो कितवा? सुरुवातीचा की शेवटचा?”

“असा फोटो नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाहीच आहे गं. ती तापात सारखी तेच विचारत होती, डोळे उघडले का, डोळे उघडले का. मी म्हटलं, उघडले, फोटो काढलाय. त्याने एकदाही उघडले नाहीत. निदान मी होतो तेव्हा तरी नाही.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “मला वाटलं, तू बसवशील. तू रोज बसवतेस. आपल्याकडे दुसऱ्या बाळांचे किती फोटो आहेत. काल तुला सांगणार होतो, तोंडच उघडलं नाही.”

धाकटीला त्याचा इतका राग आला की डोळ्यांसमोर काळोख आला, आणि त्याच क्षणी त्याची इतकी कीव आली की राग कुठे ठेवावा कळेना. “दुसऱ्याच्या पोराचे डोळे?” ती म्हणाली. “वहिनीला?”

“मग काय करू?”

“तू नीट पाहिलंस का प्रत्येक फोटोत?”

“पाहिलं कुठे? नर्स म्हणाली, पटकन काढा आणि निघा. मी कॅमेरा काचेला लावला आणि बटण दाबत सुटलो. माझेच डोळे मिटलेले होते.”

तिने फोन चालूच टेबलावर ठेवला आणि पुढचा आकडा टाइप केला. आता निवडायचं काही उरलं नव्हतं; हाताला येईल तो ओढून काढायचा. एक उतरला. आणखी एक उतरला. पंख्याचा आवाज चढत गेला. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. कुणाची विनवणी करतेय हे तिलाही माहीत नव्हतं, बहुधा त्या डब्याचीच. थोडं थांब, बाबा. एवढा एक होऊ दे. तिने आणखी एक आज्ञा दिली. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, लुकलुकतच राहिला.

मग पंखा एकदम शांत झाला. काळ्या खिडकीत एकच शब्द उमटला होता, प्रोग्रॅम मारला गेला असं सांगणारा. खाली कर्सर लुकलुकत होता, जसं काही घडलंच नाही.

ती रडली. दार लावायचं वगैरे काही राहिलं नाही. पुढच्या खोलीतले गृहस्थ दारापर्यंत आले, त्यांनी तिला पाहिलं, कंगवा खिशात घातला आणि पावलं न वाजवता निघून गेले. जाताना त्यांनी दारावरची पाटी उलटून “बंद” केली, हे तिला पुष्कळ नंतर दिसलं.

पेन ड्राइव्हवर मूठभर फोटो होते. ते तिने एकेक करून उघडले. आता ते खरोखर फोटो होते, पडदाभर. लोकरीची टोपी, नाकातली नळी, गालावरची चिकटपट्टी, मुठी. डोळे मिटलेले. पुढच्यातही मिटलेले. प्रत्येक फोटो उघडताना ती आधी भुवयांखाली बघायची आणि मग बाकीचं बघायचं धाडस करायची.

शेवटचा फोटो अर्धाच होता. प्रोग्रॅम तो लिहीत असतानाच मेला होता. वरून नाकाच्या शेंड्यापर्यंत चित्र आणि त्याखाली सपाट राखाडी पट्टा. टोपी होती, टोपीतून निसटलेली एक बट होती, कपाळावर बारीक आठी होती. आणि दोन डोळे, टक्क उघडे. काळेभोर, ओलसर, सरळ काचेकडे बघणारे. डोळे मिटून बटण दाबत सुटलेल्या बापाकडे ते पोर बघत होतं.

“दादा,” ती फोनकडे वाकून म्हणाली. तो अजून चालूच होता. “दादा, तू इकडे ये.”

दादा आला तेव्हा कॅमेऱ्याची पिशवी त्याच्या खांद्यावरच होती. तो पडद्यासमोर उभा राहिला. मग त्याने हाताने चाचपून स्टूल शोधलं आणि बसला. त्याने राखाडी पट्ट्यावर बोट ठेवलं.

“हे तू पुरं कर,” तो म्हणाला. “ओठ, हनुवटी. बाकीच्या फोटोंतून घे. त्याचंच आहे सगळं, दुसऱ्याचं काही नाही. कुणाला कळणार नाही.”

त्यात चूक काही नव्हती. तिला ते जमलं असतं, आणि खरंच कुणाला कळलं नसतं. तिचा हात माउसवर गेलाही. पण या फोटोला आज दिवसभर पुरेसे हात लागले होते. तिने तो होता तसा, खाली राखाडी पट्ट्यासकट, वहिनीला पाठवून दिला आणि फोन लावला.

तिने काही लपवलं नाही. आकडा बदलायचा राहिला, मूळ फोटो गेले, एवढेच वाचले, हा एक अर्धा. मग दादाने तिच्या हातातून फोन घेतला. “मी तुला थाप मारली होती,” तो म्हणाला. “मला माहीत नव्हतं. त्याने खरंच उघडले होते.” एवढं बोलून त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

पलीकडे वहिनी फोटो बघत होती, हे दोघांनाही कळत होतं.

“वहिनी, खालचा भाग मी भरून देऊ शकते,” धाकटी म्हणाली. “दुसऱ्या फोटोंतून. तू सांगशील तर.”

“नको,” वहिनी म्हणाली. “तिथून खालचं मला पाठ आहे.”

मग तिने फोन ठेवला. दादा उठला, त्याने तोंडावरून हात फिरवला आणि बाहेरची डिस्क जोडली. कुणाचा तरी कधीच देऊन झालेला जुना वाढदिवस पुसून जागा केली, पेन ड्राइव्हवरचे मूठभर फोटो एकेक मोजून तिच्यावर चढवले. शेवटचा चढताना तो पडद्यावरून नजर न काढता बसून राहिला.

“झाली,” तो म्हणाला.

धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि प्रत स्वतः उघडून पाहिली.